मेंदूविज्ञानात एमएस्सी-पीएचडी करायची आहे? मग सुरुवात अशी करा

न्यूरोसायन्स शिकायचंय असं घरात जाहीर केलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे मेंदूचा डॉक्टर होणार का?" थोड्या वेळाने दुसरा येतो, बहुधा एखाद्या काकांकडून: "बरं, मग नोकरी कुठे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याकडे पुढे येऊच, पण पहिल्याचा निकाल आधी लावून टाकू.

मेंदूच्या रुग्णांवर उपचार करायचे असतील तर त्याची वाट वैद्यकीय महाविद्यालयातूनच जाते. एमबीबीएस, मग मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रात एमडी, मग तीन वर्षांचं डीएम न्यूरॉलॉजी. शस्त्रक्रिया करायची तर एमसीएच न्यूरोसर्जरी. मनोविकारांवर उपचार करायचे तर मानसोपचारात एमडी, किंवा मानसशास्त्रातून येऊन भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवून देणारा चिकित्सा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम. न्यूरोसायन्समध्ये एमएस्सी किंवा पीएचडी करून औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही आणि दवाखानाही थाटता येत नाही. ही पदवी संशोधकाची आहे. मेंदू काम कसं करतो हे शोधायचं, त्यासाठी प्रयोग उभे करायचे, आकडे तपासायचे आणि ते लिहून काढायचे, हे काम. आजीला पक्षाघात झाला म्हणून या विषयाकडे वळणारी बरीच मुलं असतात. त्यांनी हा फरक बारावीतच समजून घेतला तर बरं, कारण पुढे वाट बदलणं महाग पडतं.

आता ज्यांना संशोधनच करायचंय त्यांच्यासाठी. सगळ्यांत आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका: पदवीच्या नावात "न्यूरोसायन्स" हा शब्द असलाच पाहिजे ही. भारतात या नावाची एमएस्सी देणाऱ्या जागा मोजक्या आहेत आणि इथल्या चांगल्या मेंदू-प्रयोगशाळांतले कितीतरी लोक प्राणीशास्त्र, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा औषधनिर्माणशास्त्रातून आलेले आहेत. भारतात चेतासंस्थेच्या जनुकीय अभ्यासाचा पाया घालणारे ओबेद सिद्दिकी यांची पीएचडी होती बुरशीच्या जनुकशास्त्रावर. फळमाशीला वास कसा येतो या प्रश्नाकडे ते नंतर वळले. तेव्हा पदवीपेक्षा तुमचा प्रश्न कोणता आणि तो कोणत्या प्रयोगशाळेत सुटण्यासारखा आहे, हे आधी पाहायचं.

पहिली पायरी: कोणत्या उंचीवरून मेंदूकडे पाहायचं

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या सगळ्यांकडे एकदम कोणीच पाहत नाही. प्रत्येक प्रयोगशाळा एक उंची निवडते.

रेणू आणि पेशींच्या पातळीवर काम करणाऱ्यांची दोन उदाहरणं मुंबईतच, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडतील. संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर काम करते. त्याच्या अख्ख्या शरीरात चेतापेशी फक्त ३०२. पेशीच्या लांब शेपटीतून मालाची ने-आण कशी होते हे त्या जिवंत कृमीत पाहतात, कारण तो पारदर्शक असतो. त्याच विभागात विदिता वैद्य यांचं काम मनःस्थितीवर आहे: सेरोटोनिन हे रसायन आणि बालपणी सोसलेला ताण यांचा मोठेपणीच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हे लहान-मोठ्या जातींच्या उंदरांमध्ये तपासायचं.

पेशींचं जाळं आणि वर्तन यांचा संबंध हवा असेल तर पुण्याचं आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था पाहा. राघव राजन झेब्रा फिंच या पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास करतात. पिल्लू बापाचं गाणं ऐकून शिकतं, म्हणून शिकणं ही क्रिया समजून घ्यायला हा पक्षी सोयीचा. निक्सन अब्राहम यांच्याकडे उंदरांच्या वासावर काम चालतं. त्याच संस्थेत सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी संगणकीय बाजूने मेंदूकडे पाहतात. तिथे प्राण्यांऐवजी समीकरणं आणि सिम्युलेशन.

माणसांवर काम करायचं तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं (आयआयएससी) २००९ साली सुरू झालेलं न्यूरोसायन्स केंद्र, बंगळूरचीच मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था निम्हान्स आणि हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, म्हणजे एनबीआरसी, ही नावं आधी घ्यावी लागतात. निम्हान्समध्ये रुग्णालय आणि संशोधन एकाच आवारात असल्याने रोगांशी जोडलेले प्रश्न तिथे चांगले हाताळता येतात. तिथली मानवी मेंदूंची पेढी १९९५ पासून चालू आहे. एनबीआरसीच्या एका कामाशी आपला थेट संबंध येतो: मुलांमधली वाचनाची अडचण ओळखण्यासाठी त्यांनी 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे. देवनागरी वाचताना मेंदूत काय घडतं हा संशोधनाचा खरा विषय आहे आणि त्याला मराठी येणारी माणसं लागतात, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुम्ही करायचं एवढंच. या चार प्रकारांतली प्रत्येकी एक प्रयोगशाळा निवडा, तिच्या संकेतस्थळावरून अलीकडचे दोन शोधनिबंध उतरवून घ्या आणि त्यांचे फक्त सारांश आणि आकृत्या वाचा. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. कोणत्या निबंधात "पुढे काय झालं?" असं वाटलं आणि कुठे जांभई आली, तेवढं टिपून ठेवा. तो कल पुढच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडेल.

याच टप्प्यावर एक अवघड प्रश्न स्वतःला विचारून टाका: प्राण्यांवर काम करायला जमेल का? उंदराला भूल देऊन कवटीला छिद्र पाडणं आणि प्रयोग संपल्यावर त्याचा शेवट करणं हे रोजच्या कामाचा भाग असू शकतं. प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते, प्रत्येक प्रयोगाला परवानगी लागते, किती प्राणी लागतील याचा हिशेब द्यावा लागतो. तरीही हे सगळ्यांना झेपत नाही. नसेल झेपत तर त्यात कमीपणा काही नाही. माणसांवरचं, माश्यांवरचं, कृमींवरचं किंवा संगणकावरचं काम निवडा. फक्त हे दुसऱ्या वर्षी लक्षात येऊ देऊ नका.

दुसरी पायरी: तुमच्या पदवीतून उघडणारी दारं

जीवशास्त्र, बायोटेक, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणीशास्त्रात बीएस्सी असेल तर तीन रस्ते आहेत. एक, दोन वर्षांची एमएस्सी करून मग पीएचडी. दोन, बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडी, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकाच प्रवेशात. आयआयएससी, आयसर पुणे, टीआयएफआर आणि बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) यांच्याकडे अशी सोय आहे, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळतं. तीन, चार वर्षांची पदवी असेल आणि त्यात ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएचडीला अर्ज करता येतो. माझं मत विचाराल तर संशोधन करायचंच असं नक्की असलेल्याने एकात्मिक पीएचडीचा प्रयत्न आधी करावा. नक्की नसलेल्याने मात्र एमएस्सीच करावी. दोन वर्षांनी सन्मानाने बाहेर पडता येतं.

थेट विषयाचीच एमएस्सी हवी असेल तर एनबीआरसी, हैदराबाद विद्यापीठाचा न्यूरल आणि कॉग्निटिव्ह सायन्सचा अभ्यासक्रम आणि ग्वाल्हेरचं जिवाजी विद्यापीठ ही नावं पाहा. महाराष्ट्रातल्या मुलांनी हट्टाने याच मागे लागू नये. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या विभागात प्राणीशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा बायोटेकची एमएस्सी केली आणि शेवटच्या सहामाहीचा प्रकल्प एखाद्या मेंदू-प्रयोगशाळेत केला, तर पीएचडीच्या मुलाखतीत त्याला तितकंच वजन असतं.

मानसशास्त्रात बीए केलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: तुमच्यासाठी दार बंद नाही. आयआयटी गांधीनगरची कॉग्निटिव्ह सायन्समधली एमएस्सी वेगवेगळ्या शाखांच्या पदवीधरांना घेते. अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधन विज्ञान केंद्र २००२ पासून आहे. हैदराबादचा अभ्यासक्रम वर आलाच. अट मनातल्या मनात घालून घ्यायची ती एकच: संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग यांच्याशी वैर सोडायचं.

अभियंते आणि भौतिकशास्त्र-गणितवाले, तुम्हाला मागणी आहे. चेतापेशींच्या हजारो वाहिन्यांमधून येणारे सिग्नल वेगळे करणारी माणसं प्रत्येक प्रयोगशाळेला हवीच असतात. तुमची अडचण उलटी असते. जीवशास्त्राची भाषा येत नाही आणि ती यायला निदान एक उन्हाळा घालवावा लागतो. एमबीबीएस झालेल्यांनाही थेट पीएचडीला अर्ज करता येतो. निम्हान्स, आयआयएससी आणि एनबीआरसी त्यांचं स्वागत करतात. बीफार्म-एमफार्मवाल्यांनी तर संकोच करूच नये, कारण मेंदूवरच्या औषधांचं बरंचसं काम आपल्याकडे त्यांच्याच विभागांत झालेलं आहे.

तिसरी पायरी: परीक्षांचं वेळापत्रक भिंतीवर लावा

नावं ऐकून गोंधळ उडतो म्हणून एकेक घेऊ.

जीबिल्स ही टीआयएफआरची जीवशास्त्राची प्रवेशपरीक्षा साधारण डिसेंबरात होते. टीआयएफआर, एनसीबीएस यांच्यासह काही संस्था तिचे गुण धरतात. पाठांतरापेक्षा विचार करायला लावणारे प्रश्न असतात, त्यामुळे भौतिकशास्त्रवालेही ती बऱ्यापैकी देऊ शकतात. मागची वर्षं सोडवणं हीच तयारी.

जॅम ही बीएस्सीनंतरच्या एमएस्सी आणि एकात्मिक पीएचडीसाठी, फेब्रुवारीत. तिचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. गेटही फेब्रुवारीतच, पण तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षालाही बसता येतं. जीवशास्त्रवाल्यांसाठी एक्सएल हा पेपर, त्यात रसायनशास्त्र सक्तीचं.

सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा. पीएचडीसाठीची जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती तिच्यातून मिळते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा: अ भागात २० पैकी १५ प्रश्न, ब मध्ये ५० पैकी ३५, क मध्ये ७५ पैकी २५. चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण कापले जातात. तेरा घटकांपैकी मेंदूचा वाटा म्हणजे प्राणी-शरीरक्रियेतला एक तुकडा, वर्तनाचा थोडा भाग आणि शेवटच्या तंत्रांच्या घटकात पॅच क्लॅम्प (एकेका पेशीतली वीज मोजणं), ईईजी (डोक्यावरून मेंदूतली वीज नोंदवणं), एमआरआय वगैरे. बाकी सगळं जीवशास्त्र, वनस्पतींसकट. म्हणून "मला फक्त न्यूरोच वाचायचंय" हा बाणा नेटच्या तयारीत चालत नाही. क भागातले २५ प्रश्न निवडताना मात्र हे घटक हातचे असतील तर फायदा होतो.

याखेरीज आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या जेआरएफ परीक्षा आहेत, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. कोणती संस्था कोणत्या वर्षी कोणते गुण धरते हे बदलत राहतं. टेलिग्रामवरच्या ग्रुपवर विसंबू नका, त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचा. ऑगस्टपासून दर सोमवारी पाच-सहा संस्थांची प्रवेशाची पानं उघडून पाहायची सवय लावली तर तारीख हुकत नाही.

चौथी पायरी: थोडं वाचा, पण मुरवून

सुरुवातीलाच कँडेलचा 'प्रिन्सिपल्स ऑफ न्यूरल सायन्स' हा हजार-दीड हजार पानांचा ग्रंथ विकत घेऊन टेबलावर ठेवणारे बरेच असतात. तो संदर्भासाठी आहे. सलग वाचायला परव्हज आणि सहकाऱ्यांचं 'न्यूरोसायन्स' हे पाठ्यपुस्तक बरं. त्याची दुसरी आवृत्ती एनसीबीआयच्या बुकशेल्फवर फुकट शोधून वाचता येते. पहिल्या तीन महिन्यांत फक्त एवढं पक्कं करा: पडद्याचा विभव (पेशीच्या आत-बाहेरच्या विजेतला फरक), क्रियाविभव (पेशीतून धावणारा विजेचा झटका), सिनॅप्स (दोन पेशींमधला सांधा), चेतारसायनं आणि मेंदूचा ढोबळ नकाशा.

पक्कं करणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. चेतापेशीच्या आत पोटॅशियम समजा १४० मिलिमोलर आहे, बाहेर ५. पोटॅशियमची आत-बाहेर ये-जा कोणत्या विभवाला समतोलात येते हे सांगणारं नर्न्स्टचं समीकरण शरीराच्या तापमानाला असं होतं: ६१.५ गुणिले बाहेर भागिले आत याचा लॉग. ५ भागिले १४० चा लॉग सुमारे उणे १.४५, म्हणजे उत्तर सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट. पण पुस्तकात विश्रांतीचा विभव उणे ७० च्या आसपास दिलेला असतो. मग हा फरक कुठून आला? पडदा फक्त पोटॅशियमलाच वाट देत नाही, थोडं सोडियमही आत झिरपतं, म्हणून. आता बाहेरचं पोटॅशियम ५ वरून १० केलं तर? पोटॅशियमचा समतोल विभव उणे ७० च्या घरात येतो, पेशीचा विभवही वर सरकतो आणि पेशी पेटायला सोपी होते. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाला धोका का, याचं मूळही इथेच आहे. हा एक प्रश्न मुलाखतींमध्ये फार आवडीने विचारला जातो, आणि व्याख्या पाठ असलेली मुलं तिथेच अडकतात. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः आकडे बदलून पाहिलेले असतील तर पाच मिनिटांत सुटतो.

यासोबत पायथन शिका. आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर दिला तरी सहा महिन्यांत फाइल उघडणं, आलेख काढणं, साधी सरासरी आणि टी-टेस्ट करणं जमतं. न्यूरोमॅच अकादमीचा तीन आठवड्यांचा ऑनलाइन उन्हाळी वर्ग २०२० पासून चालतो. त्याचं सगळं साहित्य फुकट उपलब्ध आहे आणि संगणकीय बाजूचा कल आहे का हे तपासायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

पाचवी पायरी: कोणाच्या तरी लॅबमध्ये दोन महिने काढा

ही पायरी गाळली तर बाकीच्या सगळ्या लंगड्या पडतात. मेंदूविज्ञान आवडतं की मेंदूविज्ञानाबद्दलच्या गोष्टी ऐकायला आवडतात, हा निवाडा लॅबमध्येच होतो.

दोन उदाहरणं देतो. मेंदूच्या कापांवर पॅच क्लॅम्प करणाऱ्या लॅबमध्ये सकाळी उंदराचा मेंदू काढून त्याचे ३०० मायक्रॉन जाडीचे काप करतात. ते ज्या द्रवात ठेवतात त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडावे लागतात. मग काचेची नळी तापवून ओढायची. तिचं टोक मायक्रॉनभर रुंद. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक पेशीला टेकवायचं, तोंडातल्या नळीने हलकेच ओढून पडदा काचेला घट्ट चिकटवायचा. चिकटला तर नोंद सुरू. काप सहा-आठ तास टिकतात, तेवढ्यात जमलं तर जमलं. हे हातात बसायला कित्येक महिने लागतात आणि सुरुवातीला बरेच दिवस पदरात काही न पडता संपतात.

माणसांवर ईईजी करणाऱ्या लॅबमधलं जग वेगळं. आदल्या दिवशी सहभागी व्यक्तीला फोन करून सांगायचं: "उद्या डोकं धुऊन या, तेल लावू नका." तरी कोणीतरी खोबरेल चोपडून येतंच, म्हणून लॅबमध्ये शाम्पूची बाटली आणि पंचा ठेवलेला असतो. टोपी चढवायची, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं, विजेचा रोध खाली येईपर्यंत केस बाजूला सारायचे. मग दिवे, मोबाइल, चार्जर बंद करायचे, कारण आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत शिरते. एवढं झाल्यावर सहभागी व्यक्ती पापण्या मिटते, आणि प्रत्येक पापणीसरशी मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठी लाट येते. ती काढून टाकायचं काम अर्थातच उन्हाळ्यात आलेल्या विद्यार्थ्याकडे.

जागा मिळवायच्या कशा? इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस इतर दोन अकादम्यांबरोबर उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते, तिचे अर्ज हिवाळ्याच्या सुरुवातीला निघतात. टीआयएफआरचा व्हीएसआरपी आणि बंगळूरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेचा, असे उन्हाळी कार्यक्रमही आहेत. यातलं काही नाही मिळालं तर प्राध्यापकांना थेट ईमेल.

ईमेलबद्दल थोडं विस्ताराने, कारण घोळ इथेच होतो. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाउट न्यूरोसायन्स" असं सुरू होणारं पत्र वीस जणांना एकदम गेलेलं आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. पाच-सहा वाक्यं पुरेत. तुम्ही कोण, कुठे, कोणत्या वर्षाला. त्यांच्या कोणत्या निबंधातली कोणती गोष्ट वाचलीत आणि त्यावर तुमच्या मनात आलेला एक खरा प्रश्न. तुम्हाला काय येतं: पीसीआर, सूक्ष्मदर्शक, पायथन, जे असेल ते, नसलेलं नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता. सोबत एका पानाचा बायोडेटा. "सर" की "मॅडम" हे लॅबचं पान पाहून नीट लिहा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, तीही नम्र. त्यानंतर पुढच्या नावाकडे वळायचं, राग धरायचा नाही.

लहान गावातल्या कॉलेजातून येणाऱ्यांना वाटतं की आपल्याला कोण विचारणार. खरं सांगायचं तर नीट वाचून लिहिलेला एक प्रश्न कॉलेजच्या नावाला भारी पडतो. इंग्रजी अडखळतं असलं तरी चालतं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत पत्र मात्र लगेच ओळखू येतं.

सहावी पायरी: मुलाखत

समोर चार ते आठ जण बसलेले असतात. बहुतेक वेळा "तुमचा आवडता विषय सांगा" इथून सुरुवात होते, मग त्याच विषयात खाली खाली खणत जातात, तुम्ही "माहीत नाही" म्हणेपर्यंत. ते म्हणायला घाबरू नका. "माहीत नाही, पण असं तपासून पाहता येईल" हे तर त्यांना ऐकायचंच असतं. प्रयोग आखायला सांगतात: अमुक भागातल्या पेशी भीतीसाठी आवश्यक आहेत हे कसं दाखवाल? नुसतं "तो भाग भीतीच्या वेळी उजळतो" हे उत्तर अपुरं आहे, त्याने संबंध दिसतो, कारण ठरत नाही. त्या पेशी बंद करून भीती जाते का, चालू करून येते का, आणि शेजारच्या पेशींवर तेच केलं तर काय होतं, इथपर्यंत जायला हवं. बायोडेटात लिहिलेल्या प्रत्येक तंत्राची खोलात चौकशी होते, तेव्हा एकदाच लांबून पाहिलेलं यंत्र तिथे लिहू नका.

पैसे आणि काकांचा प्रश्न

जेआरएफ मिळाली की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्र झालात की ४२,०००. वर नियमाप्रमाणे घरभाडं, किंवा वसतिगृह. बंगळुरात यात चैन होत नाही, पण घरी पैसे मागावेही लागत नाहीत. रक्कम उशिरा, कधी तीन-चार महिन्यांची एकदम येते, म्हणून पहिल्या वर्षासाठी थोडी गंगाजळी जवळ ठेवा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या आहेत: अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी. त्यांची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, म्हणून जात प्रमाणपत्र, वैधता, उत्पन्नाचा दाखला हे सगळं आधीच तयार असू द्या.

पीएचडीला पाच ते सहा वर्षं धरून चाला. त्यानंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद), मग प्राध्यापकी, ही वाट अरुंद आहे आणि ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण बाहेर पडणारे सगळे प्राध्यापक होत नाहीत. औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल्स, वैद्यकीय लेखन, डेटा सायन्स, वैद्यकीय उपकरणं इथे लोक जातात. त्यात ज्यांना कोड लिहिता येतो आणि संख्याशास्त्र कळतं त्यांना लवकर जागा मिळते. काकांना हे उत्तर द्यायला हरकत नाही.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत पीएचडीला बीएस्सी-बीटेकनंतरही अर्ज करता येतो, फी माफ असते आणि वेतन मिळतं. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला असते. तिथली नुसती एमएस स्वतःच्या पैशाने करणं या विषयात मला पटत नाही. कर्जाच्या मानाने परतावा कमी. ब्रिटनची एका वर्षाची एमएस्सीही महागच.

जर्मनी मात्र नीट पाहण्यासारखी. गटिंगेनच्या मॅक्स प्लांक शाळेचा न्यूरोसायन्सचा एमएस्सी-पीएचडी कार्यक्रम इंग्रजीत आहे. पहिलं वर्ष कसून शिकवतात, मग चांगली कामगिरी असलेल्यांना थेट पीएचडीत जाता येतं. ट्युबिंगेन आणि म्युनिकलाही या विषयाच्या मोठ्या शाळा आहेत. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, पण ट्युबिंगेन ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला लागतो. त्याला वेळ जातो, तेव्हा प्रवेशाच्या आधीच अर्ज टाका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं दारही कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याला ठोठावता येतं.

शेवटची पायरी: संस्था नव्हे, लॅब निवडा

प्रवेश मिळाला की बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षात दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे फिरायला मिळतं. हा काळ प्राध्यापकांवर छाप पाडण्यात घालवू नका, तिथल्या मुलांबरोबर कँटीनमध्ये बसा. मोठं नाव असलेले गाईड वर्षातले चार महिने दौऱ्यावर असू शकतात. नव्याने लॅब उभी करणारे रोज शेजारी उभे राहून शिकवतात, पण त्यांच्याकडे पहिलं वर्ष यंत्रं जुळवण्यातच जातं. कोणतं चांगलं हे तुमच्या स्वभावावर आहे.

लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्याला गाठून हे विचारा: इथून आतापर्यंत किती जण पीएचडी घेऊन बाहेर पडले, आणि किती जण मध्येच सोडून गेले? सरासरी किती वर्षं लागली? पहिला निबंध कितव्या वर्षी आला, आणि त्यावर नावं कोणत्या क्रमाने लागली? प्रयोग फसला तर गाईड काय म्हणतात? रविवारी फोन येतो का? प्रकल्पाचं अनुदान कधी संपतंय? आजारपणात किंवा घरी कोणी गेलं तेव्हा रजा सहज मिळाली का? उत्तर देण्याआधी तो दाराकडे पाहत असेल, तर दुसऱ्या लॅबची यादी काढा.